बिनखिळ्याचा चिमटा

तीर्थरूप बाबा,

इतक्या लांबून तुम्हाला आणि तुमच्या काळ्या ऐरणीलाही नमस्कार.

मी बरी आहे. दोन्ही वेळा नीट जेवते, असं आईला सांगा.

इथे नक्की काय करतेस, असं तुम्ही विचारलं होतंत. हसाल, पण चिमटेच करते! खिळा नाही, बिजागरी नाही, तुम्ही एका पट्टीतून वाकवायचात तसेच. फक्त आकार कॉम्प्युटर शोधतो. भरीव ठोकळ्यात जिथला माल फुकट बसलाय, तो काढत जातो. उरतो तो चिमटा.

पण हा दीडशहाणा एका जागी केसाएवढी कंबर ठेवायचा आणि चिमटा तिथेच मोडायचा. तीन महिने डोकेफोड केली. मग आठवलं, लहानपणी मी तुमचा नवाकोरा चिमटा मोडून पोत्याखाली लपवला होता. तुम्ही रागावला नाहीत. "कुठे मोडला ते दाखव," एवढंच म्हणालात. मग म्हणालात, "ताण एका जागी आला की पट्टी मोडते. तो सगळ्या अंगाला वाटून द्यायचा."

तोच नियम कॉम्प्युटरला घातला. आता हजारदा दाबला तरी मोडत नाही.

बाबा, या वेळचं पत्र आईच्या अक्षरात का होतं? उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत का?

सोबत एक चिमटा पाठवतेय. नुसत्या तळहाताने दाबला तरी पेन घट्ट धरतो. मोडला तर लपवू नका. कुठे मोडला, तेवढं तुमच्या अक्षरात कळवा. वेडंवाकडं चालेल.

तुमची मोडतोड करणारी,
धाकटी