बाकावरचे हातमोजे

बुधवार, ११ मार्च

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत. म्हणजे आई डोळ्यांत थेंब घालताना अजून लहान मुलासारखी मान फिरवते, आणि बाबांनी गळका नळ स्वतः दुरुस्त करायचा हट्ट धरल्यापासून आता दोन नळ गळताहेत. बाकी ठीक. तुझ्या भुवईचे टाके ओढतात का? तोंड धुताना पाणी लागू देऊ नकोस.

पत्र पाहून हसशील. बाबा शनिवारी अंतिम सामन्याला येतील, त्यांच्या हाती देतेय. फोन केला असता, पण फोनवर तू "ठीक आहे गं" म्हणतेस आणि विषय मिटवून टाकतेस. मला हा मिटवायचा नाही.

इथे सध्या तुझ्याशिवाय कुणाला दुसरं बोलणं नाही. ज्या सलूनवाल्याने गोल सुटतात म्हणून तुला 'चाळण' असं नाव ठेवलं होतं, तोच आता गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून तू पेनल्टी कशी अडवलीस ते सांगतो. गिऱ्हाईक बिचारं हो म्हणायलाही मान हलवू शकत नाही. बाबा मुद्दाम रोज दाढीला जातात.

उपांत्य सामन्याच्या दिवशी तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते. पहिला चेंडू तुझ्या हातातून निसटून गोलात गेला, तेव्हा जाळीमागच्या आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. ढोलवाल्याने ताल धरला आणि सगळे ओरडायला लागले, "भिंत आत घ्या, भिंत आत घ्या." 'भिंत' म्हणजे मी गोलात उभी राहायचे तेव्हा त्यांनीच मला दिलेलं नाव. कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, ती तुझ्या खांद्याला लागली. तू ती उचललीस, खांबाशी नीट उभी ठेवलीस, मोजे वर ओढलेस आणि चेंडूकडे बघत राहिलीस. एक म्हातारा ढोलवाल्याला म्हणाला म्हणे, की पोरगी घाबरत नाही. घाबरायला अक्कल लागते, असं त्याचं उत्तर.

मग समोरच्या संघातल्या मुलीचं कोपर तुझ्या भुवईवर बसलं. पट्टी बांधून परत उभी राहिलीस, तेव्हा ढोल जरा मंदावला. आपण बरोबरी केली, आणि अगदी शेवटी आपल्या बचावातल्या पोरीचा हात चेंडूला लागून त्यांना पेनल्टी मिळाली. ती तोंड झाकून खालीच बसली. मी असते तर तिच्यावर अशी खेकसले असते की ती आठ दिवस जेवली नसती. तू चालत गेलीस, तिला उठवलंस, तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिलीस आणि सावकाश आपल्या जागी आलीस. ठकू, ती माणसं तेव्हाच तुझी झाली. चेंडू अडवलास तो नंतर. मागून कुणीतरी पुन्हा माझं नाव घेतलं, तर ढोलवाल्यानेच वळून त्याला गप्प केलं. पुढे जादा वेळेत आपण जिंकलो, तेव्हा तोच माणूस रडत होता.

आता माझं. पहिल्या गोलनंतर लोक माझ्या नावाने ओरडत होते, तेव्हा मी बाकावर बसून ते नुसतं ऐकत नव्हते. मी उभी राहिले, हातमोजे चढवले आणि हात उंच करून हलवले. केवढा गलका झाला! मला बरं वाटलं. तू खाली वाकून जाळीतून चेंडू काढत होतीस आणि मला बरं वाटलं.

माझा दुखावलेला गुडघा कधीच बरा होणार नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. संघाबाहेरच्या डॉक्टरांनी दिवाळखोराला सांगावं तसं स्पष्ट सांगितलं होतं, की आता जिने चढलीस तरी पुष्कळ. मी प्रशिक्षकांना सांगितलं, सूज आहे, उतरेल. प्रत्येक सामन्याला खेळाचे कपडे घालून बाकावर बसले. लोकांना वाटलं, भिंत धडधाकट आहे आणि धाकटीला उगाच पुढे केलंय. तुझ्या वाट्याला जे आलं ते खेळामुळे कमी आणि माझ्यामुळे जास्त.

हे कुणालाच ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. अंतिम सामन्यासाठी तुमची बस गेल्यावर फिजिओ बाई माझी पट्टी सोडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझा गुडघा माझ्या हाताला कधीच कळला होता. मी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, ताई सांगेल तेव्हा सांगेल, तोवर कुणी विचारू नका." दवाखान्यात मी आत होते तेव्हा तू बाहेर बाकड्यावर होतीस, आणि मधला दरवाजा प्लायवूडचा होता. बातमीदाराने तुला तोंडावर विचारलं होतं, बहिणीची जागा का अडवलीस म्हणून. एका वाक्यात सुटली असतीस. तू म्हणालीस, "प्रशिक्षकांना विचारा." आणि घरी येऊन माझ्या गुडघ्याला शेक दिलास.

मी तो शेकही घेतला, ठकू.

काल दुकानात ढोलवाला भेटला. मोठ्या उमेदीने म्हणाला, पुढच्या मोसमात तुम्ही दोघी आलटून पालटून उभ्या राहा. मी म्हटलं, मी संपले, गुडघा गेलाय, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "आधी सांगायचं होतं, ताई. आम्ही त्या पोरीला काय काय बोललो."

आज सकाळी प्रशिक्षकांना फोन करून सगळं सांगितलं. शनिवारी मी येणार नाही. मी बाकावर दिसले तर कुणीतरी पुन्हा ओरडेल.

तू सामना खेळ, जिंक किंवा हर, आणि घरी ये. मैदानावर हवी तेवढी शांत राहा, त्याच्यावर लोक जीव टाकतात. माझ्यापुढे शांत राहू नकोस. "ठीक आहे गं" म्हणू नकोस. दार आपट, आरडाओरडा कर, लहानपणी केस ओढायचीस तसे ओढ. तू रागावली नाहीस तर मी माफी कशाची मागू?

तुझ्या भांडणाची वाट बघणारी,
ताई