आता कुणाला बोलवायला नको

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.४०
संकल्प: महिनाअखेर सोळाही सर्व्हर प्रोफाइलवर. आजवर एखादं ब्लेड, म्हणजे खणात सरकवायचा सर्व्हर, बिघडून नवं बसवलं की त्याच्या कार्डावरचे ओळख-नंबर बदलायचे. मग समीक्षाने नेटवर्कमध्ये आणि राजरत्नने स्टोरेजमध्ये नवे नंबर टाकेपर्यंत ते मुकं. राजरत्न केबल तपासायला नौपाड्याहून रिक्षाने इथे वागळे इस्टेटला येतो. अर्धा तास काम, दोन तास गप्पा. आता प्रोफाइल लावला की नंबर मशीनचा नाही, खणाचा. त्या खणात कुठलंही ब्लेड सरकवा, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. वाचलेल्या वेळात पेटी शिकणार.

१२ जानेवारी, शुक्रवार
राजरत्न आला. खडवलीहून आईने दिलेली वालाची उसळ आणली. म्हणाला, विनीतसर, आमच्या पोटावर पाय आणताय, वर उसळही आमचीच खाताय. समीक्षा फोनवरून ओरडली, माझी ठेवा रे! ठेवली नाही. (हे बरोबर झालं नाही.)
एक तास वीस मिनिटं गप्पांत गेली. असे व्यत्यय टाळायलाच तर हे सगळं.

२५ जानेवारी, गुरुवार
सोळापैकी सोळा! मॅनेजर दिपेशसमोर चाचणी. सात नंबरच्या खणातलं ब्लेड उपसून दुसरं सरकवलं. चार मिनिटांत चालू. दिपेश म्हणाला, जादू आहे बॉस, आणि जेवायला गेला.
समीक्षाला फोन करून विचारलं, तुझ्याकडे काही दिसलं? म्हणाली, काहीच नाही. म्हटलं, नीट बघ. म्हणाली, अहो सर, काही दिसू नये हेच तर तुम्हाला हवं होतं ना?
बरोबर आहे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
आठवडाभर एकही फोन नाही. हीच शांतता हवी होती. पेटीचा क्लास वर्तकनगरला घराखालीच आहे, पण तिथे सगळी लहान मुलं. मोठ्या माणसाने त्यांचा वेळ खाऊ नये.
डबा एकला उघडला. एक नऊला संपला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रश्न: राजरत्नला कामाशिवाय फोन करावा का? त्याच्या वेळेचा पगार कंपनी देते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कसा आहेस' लिहिलं. पुसलं. त्याला वाटेल, काहीतरी काम आहे. काम नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार
तीन नंबरचं ब्लेड बिघडलं. आपोआप बिघडलं, मी काही केलेलं नाही. नवं बसवलं. प्रोफाइल लावला नाही, कारखान्यातून आलेले नंबरच ठेवले. जुनी पद्धत विसरायला नको म्हणून. अर्थात स्टोरेज दिसेना. राजरत्नच्या नावाने तक्रारीचं तिकीट टाकलं: 'कृपया प्रत्यक्ष येऊन केबल तपासावी.'
पोळीभाजीवाल्या सगुणाताईंना उद्याचे दोन डबे सांगितले. त्या म्हणाल्या, पाहुणे वाटतं? म्हटलं, ऑफिसचं काम.

२१ फेब्रुवारी, बुधवार
दहाला राजरत्नचा फोन. म्हणाला, सर, मी कल्याणला, दुसऱ्या क्लायंटकडे. दोन आठवडे झाले. तुमच्याकडे माझं काम उरलं नाही ना. खडवली जवळ पडते, आई खूश. सगळं तुमच्यामुळे झालं, थँक्यू हां.
अभिनंदन केलं.
मग त्याने विचारलं, पण प्रोफाइल का नाही लावला? तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. मी म्हणालो, टेस्टिंग.
तो म्हणाला, सर, केबल इथे बसूनही तपासता येते ओ. पहिल्यापासून येते.
मग इतकी वर्षं यायचा कशाला, हे विचारायचं राहून गेलं.
प्रोफाइल लावला. चार मिनिटं.
तिकीट बंद करताना कारण निवडावं लागतं. केबल, कार्ड, नंबर, इतर. खोटं नको म्हणून 'इतर' निवडलं. त्याखाली तपशील सक्तीचा आहे. बराच वेळ बसलो.
टिंब टाकलं. चालतं.