एकट्या दादाला जमलेलं वळण

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, दारात आले तर वहिनीला पुढे करतोस. भर बैठकीत मी ‘त्याला जमलं, त्याचं सोडा’ म्हटलं ते तुला झोंबलंय, कळतंय मला. हवं तेवढं बोल नंतर, पण आधी हे वाच.

नव्या कंटेनर टर्मिनलचा आराखडा माझ्याकडे आहे. साहेबांना धक्का खाडीच्या वाकणातच हवाय, तिथे गाळ कमी काढावा लागतो म्हणून. मी घसा कोरडा करून सांगतेय की एवढी लांब जहाजं वळवायला तिथे जागाच नाही. पण ऐकतंय कोण? तू वळवून दाखवलंस ना! जहाजं आत आणणाऱ्या तुम्हा सगळ्या पायलटांना त्या पडद्यांच्या खोलीत, खोट्या जहाजावर बसवलं. एकेकाने ते नेऊन आदळलं. तू मात्र भर वाऱ्यात अलगद धक्क्याला लावलंस आणि वर चहा मागितलास. मला इतका अभिमान वाटला, काय सांगू! आता अहवालात तेवढंच उरलंय, वळण शक्य आहे म्हणून.

लहानपणी तू बोळातून हात सोडून सायकल काढायचास आणि मागून येणारी मी भिंतीवर गुडघे फोडून घ्यायचे. त्यात काय एवढं, म्हणायचास. तुला अजूनही खरंच वाटतं की सगळ्यांना जमेल. अरे, नाही जमत! टर्मिनल सुरू होईल तेव्हा तू निवृत्त होऊन घरी बसलेला असशील. तिथे माणसं मरतील रे. पाया पडते तुझ्या, उद्याच्या बैठकीला ये आणि सगळ्यांसमोर सांग की ही जागा धोक्याची आहे. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील.

एक गोष्ट सांगणार नव्हते, मला शपथ घातलीय. तुझी लेक पायलटची परीक्षा पास झाल्यापासून माझ्या मागे लागली होती. काल तिला त्या खोलीत नेलं. पुन्हा पुन्हा बसली, आणि दर वेळी आदळली. बाहेर आली पोरगी आणि मलाच समजावू लागली, की आत्या, बाबांना जमतं म्हणजे जागा बरोबरच आहे, मीच कमी पडतेय.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी