ताई अजून आजारी आहे

बुंतु लोबो, तोराजा
१२ मार्च १९९६

ती. दादास,
तांदीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, बाकी तुला ठाऊकच आहे. तुझी तार मिळाली. बोट चुकली यात तुझा काय दोष, असं आईही म्हणते. ताई दक्षिणेकडच्या खोलीत आहे. रांतेपाओच्या दवाखान्यातला माणूस येऊन शरीर टिकायचं औषध टोचून गेला, आता काळजी नाही. आई सकाळी कॉफी आणि दुपारी भात तिच्या उशाशी ठेवते, पाहुणे आले की त्यांची नावं सांगते. तापात श्वास थांबल्याला महिना झाला, पण आपल्यात अंत्यविधीचा रेडा पडेपर्यंत माणूस आजारीच, हे नव्या हेडसरांना कोण समजावणार? सुवार्नो सर जावाचे. मला विचारत होते की अंत्यविधी कधी झाला. मी म्हटलं, कुणाचा?

दुसरी बातमी म्हणजे ताईचा सातवीचा भाषेचा वर्ग मी घेतोय. हसू नकोस. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला माणूसही त्यांना चालला, कारण इथे दुसरं कुणी यायलाच तयार नाही. निरीक्षणाचा अहवाल शिकवायचा आहे. आधी वस्तू म्हणजे काय ते एका वाक्यात, मग तिचे भाग, मग उपयोग. ‘मी’, ‘मला वाटतं’, ‘किती छान’ यांना वर्गात बंदी. शिवाय प्रत्येक वाक्यातला कर्ता आणि क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची. मागच्या बाकावरच्या सुलोनं लिहिलं की आमचा रेडा जगात सगळ्यात देखणा आहे. मी म्हटलं, बाबा रे, हे तुझं मत झालं, खोड. तर म्हणतो, सर, खरं असेल तरी खोडायचं का? सगळा वर्ग त्याच्या बाजूनं.

ही पद्धत मी ताईकडूनच शिकलो. मेरिआनाचं लग्न दुसऱ्याशी ठरल्यावर मी मकासरहून सगळं टाकून आलो, तेव्हा ताईनं मला ओसरीवर बसवून त्या मुलीचा अहवाल लिहायला लावला होता. मी चार पानं लिहिली. ताईनं सगळी विशेषणं छाटली. उरलं एवढंच की ती एक मुलगी आहे, मकासरला राहते, तिचं लग्न ठरलं आहे. त्या दिवशी मी ताईशी भांडलो, पण त्या रात्री झोप लागली.

शेजारची डुमा माझ्याच वर्गात आहे. शाळेत जाताना ताईच्या पायाशी बसून आपलं लिखाण वाचून दाखवते. बाहेरून ऐकलं की वाटतं, ताई आता म्हणेल, पुन्हा वाच, शेवटचं वाक्य ढिलं आहे.

आईचा तुला आशीर्वाद. भावावरची माया बोटीसारखी चुकू देऊ नकोस.

तुझा,
तांदी


तराकान
२ एप्रिल १९९६

चि. तांदीस,
पालिंगीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मास्तर झालास हे वाचून इथे सगळ्यांना चहा पाजला. लहानपणी गृहपाठ बकरीनं खाल्ला म्हणून सांगणारा तू, आता पोरांची काय कारणं ऐकत असशील! छडी हातात घेऊ नकोस बरं. तुझा हात तुझ्या डोक्याच्या आधी धावतो.

आता कामाचं. मामांचंही पत्र आलं आहे. तुझ्या ताईच्या, लेबांगच्या समारंभाची तारीख ठरवायला सगळे जमले आणि तू बैठकीतून ताडकन उठून गेलास म्हणे. शिवाय जाता जाता कॉफीचा पेलाही लवंडलास. मामा रागावलेले नाहीत, पण तू हो म्हटल्याशिवाय ते पुढे सरकणार नाहीत. तिच्याजवळ होतास तो तू, म्हणून शब्द तुझा. भात कापून झाला की जुलैत सगळे मोकळे असतात. मलाही कारखान्यातून रजा मिळेल ती जुलैतच, नाहीतर थेट पुढच्या वर्षी. रेड्यांचं मामा बघताहेत. तू फक्त हो म्हण.

आणि ती मकासरची पोर डोक्यातून गेली का? जात नसेल तर रोज थोडी थोडी घालव. एकदम काही जात नसतं.

आईला जप. आठवण येईल तेव्हा रागावण्याआधी लिहीत जा.

तुझा,
पालिंगी


बुंतु लोबो
२० एप्रिल १९९६

दादास,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तेच झालं, हात आधी धावला. मामांच्या कानी गेलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

वर्गाला सांगितलं होतं की घरातली कोणतीही गोष्ट आठवडाभर बघा आणि तिचा अहवाल लिहा. डुमानं ताईवर लिहिला. लेबांग बाई या सातवीच्या भाषेच्या शिक्षिका आहेत. त्या आजारी आहेत. त्या दक्षिणेच्या खोलीत झोपतात, सकाळी त्यांना कॉफी देतात, त्या कुणाला रागावत नाहीत. बाई घरात असल्या की घरातली माणसं हळू बोलतात. हा तिनं उपयोगाचा परिच्छेद केला होता. दादा, एका शब्दाला हात लावावासा वाटला नाही. सगळ्या वर्गात तोच अहवाल चोख होता.

हेडसर वह्या तपासायला आले. त्यांनी त्यावर लाल रेघ मारली आणि सगळ्यांदेखत समजावून सांगायला लागले की अहवालात खरं तेच लिहायचं असतं, आणि बाई तर वारल्या आहेत. तो शब्द त्यांनी उच्चारला. डुमानं दोन्ही कानांवर हात ठेवले. पुढचं मला नीटसं आठवत नाही. त्यांची कॉलर माझ्या मुठीत होती आणि सुलो माझ्या कमरेला लोंबकळत ओरडत होता की सर, सोडा, सोडा.

नोकरी गेली असं धरून घरी आलो. संध्याकाळी हेडसरच साखर आणि सिगारेटी घेऊन दारात. आईनं त्यांना आत नेलं. ते ताईच्या उशाशी मांडी घालून बसले, आणि अवघडून का होईना, म्हणाले की बाई, तुमची मुलं बरं लिहितात, काळजी नसावी. जाताना मला एवढंच म्हणाले की सोमवारी वेळेवर या.

जुलैचं मला विचारू नकोस. कसली घाई आहे? त्या पलीकडच्या डोंगरावरचे आजोबा सहा वर्षं आजारी होते, कुणाचं काय अडलं? रेडा पाडला की ती खोली रिकामी. सकाळी आईनं कॉफी कुणासाठी करायची? मी शाळेतून आलो की कुणाला सांगायचं? तुला तिकडे बसून सगळं सोपं वाटतं. तू तर तिला आजारपणात एकदासुद्धा पाहिलं नाहीस.

रागावला असशील तर रागाव, पण लिही.

तांदी


तराकान
९ मे १९९६

चि. तांदीस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. खरं आहे ते, मी तिला पाहिलं नाही. म्हणूनच तुला एक गोष्ट सांगतो, आईला सांगू नकोस.

घरची तार आली तेव्हा मुकादमानं विचारलं की काय झालं. मी म्हणालो, बहीण आजारी आहे. आपल्या तोंडून दुसरं काय निघणार? पण इथली माणसं बुगीस, बंजार, जावाची. त्यांच्यात आजारी म्हणजे आजारी. शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी तिच्यासाठी दुआ मागितली. मग औषधं यायला लागली. तापाच्या गोळ्या, ताकदीचं सरबत, वाळवलेल्या मुळ्या. खानावळीच्या म्हातारीनं लवंगेचं तेल घरी काढून दिलं. छातीला चोळायला सांग म्हणाली. नको म्हणायला जीभ उचलली नाही आणि आता उशीर झाला आहे. पेटी भरली माझी. रोज कुणीतरी विचारतं, बहिणीला उतार पडला का? मी म्हणतो, आहे तसंच आहे.

परवा मुकादम म्हणाला की तिला इकडेच घेऊन ये, माझ्या ओळखीचा चांगला डॉक्टर आहे. मी लाकडाच्या थप्प्यांमागे जाऊन उभा राहिलो. वाटलं, एकदा रडून घ्यावं. रडूच आलं नाही रे. आजाऱ्यासाठी गळा काढायचा नसतो हे लहानपणापासून इतकं मुरलं आहे की डोळ्यांनासुद्धा कळतं. तुम्हाला तिथे तिच्याशी बोलता येतं, तिची चादर नीट करता येते. मला इथे आजारी लेबांगही मिळाली नाही आणि तिच्यासाठी रडायलाही मिळत नाही.

तुला जबरदस्ती करत नाही. तू नाही म्हणालास तर पुढच्या वर्षी येईन, आणि तोवर विचारणाऱ्यांना ‘आहे तसंच’ म्हणत राहीन.

दादाला विसरू नये.

पालिंगी


बुंतु लोबो
२८ मे १९९६

ती. दादास,
तांदीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी भाताच्या कोठारापाशी बसून वाचलं आणि तसाच मामांकडे गेलो. मी जुलै म्हटलं. मामा म्हणाले की आधी जेव. जेवून झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात नेलं. मांडवासाठी बांबू केव्हाचे तोडून ठेवलेले. तारीख ठरली, २३ जुलै. बोट मिळाली की तार कर, मी पारेपारेच्या बंदरावर येतो.

आईनं ऐकून मान हलवली आणि स्वयंपाकाला लागली. ताईला मीच सांगितलं. दादा येतोय म्हटलं. बाकीचं तिला कळतं.

ती औषधं फेकू नकोस, सगळी घेऊन ये. म्हातारीचं तेलसुद्धा. तू येशील तेव्हा ताई आजारीच असेल. उशाशी मांडून ठेवू, आणि कोणतं कुणी दिलं ते तूच तिला सांग.

काल वर्गात मी फळ्यावर २३ जुलै लिहिलं, त्याखाली ‘शाळेला सुटी’. कशाची ते लिहिलं नाही. सुलोनं उत्साहानं विचारलं की सर, कसली सुटी हो? डुमा मागे वळून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग त्याला कळलं. बाकावर डोकं ठेवून तोच आधी रडायला लागला, एवढा दांडगा मुलगा, मोठमोठ्यानं. मग डुमा, मग एकेक बाक. आवाज ऐकून हेडसर धावत आले, त्यांना वाटलं मी पुन्हा कुणावर हात टाकला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि दारातच उभे राहिले. मी पोरांना गप्प केलं नाही. दादा, ताईसाठी इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी रडलं. मी खडू हातात धरून तास संपेपर्यंत ऐकत राहिलो.

मला अजून रडू आलेलं नाही. तू ये.

तुझा,
तांदी