उभ्यानं काढलेला फोटो

सर, तुमचा डावा पाय गुडघ्यात मुडत नव्हता, हे तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मला एका बिड्या वळणाऱ्या म्हातारीनं सांगावं?

मागच्या रविवारी कुडव्याच्या गल्लीत फोटो काढून राहिलो होतो. म्हातारी दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली आणि मी तिच्यासमोर उकिडवा, तुम्ही शिकवलं तसा. मी तुमचा विद्यार्थी म्हटल्यावर ती हसली. "तुले तं बरं बसता येते. तुया सरले कुठं येत होतं?" मी म्हटलं, मंग त्यांनी तुमचे फोटो कसे काढले? "आमालेच ओट्यावर चढवे. वर बसून वळा म्हणे, आन् सोता उभा राहून काढे. त्याचा पाय मुडतच नव्हता ना, बाप्पा!"

चित्रकलेच्या वर्गात लावलेले, बिड्या वळणाऱ्या बायांचे तुम्ही काढलेले ते फोटो आम्ही तोंड वासून पाहायचो. रस्त्यावर जसं दिसलं तसं टिपलं, असं तुम्ही सांगायचे. बाईच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा. त्यासाठी गुडघे पाहिजेत, दम पाहिजे, म्हणून रविवारी सकाळी कुडव्यापासून बाजारापर्यंत तुम्ही आम्हाला पायी चालवायचे, स्वतः स्कूटरवर मागे. बाजारात पोचलो की पन्नास बैठका. मग हात लांब करून वीट धरायची, श्वास रोखायचा, वीट हलली तर पुन्हा पहिल्यापासून. कोणी टेकला की तुमचा आवाज यायचा, "काऊन बे, गुडघे गहाण ठेवले का?" पंगतीत तुम्ही खुर्ची मागायचे, ती आम्हाला मोठ्या माणसाची ऐट वाटायची. किती बावळट होतो आम्ही.

आणि तो दिवस. मी टायफॉइडमधून नुकताच उठलो होतो, पाय लटलट कापत होते. आई अंगणात बिड्या वळून राहिली होती. रिळातला शेवटचा फोटो उरला होता. खाली बसलो तर उठता येणार नाही या भीतीनं मी तो उभ्यानंच काढला. तुम्ही तो धुतला, सगळ्या पोरांसमोर उचलून दाखवला. "हा फोटो नाही, ही नुसती डोक्याची टाळू आहे. रस्त्यावर फोटो काढायचे तर आधी शरीर कमवा." मग फाडला. निगेटिव्हलाही कात्री लावली. मी "सर, आई आहे" म्हणेपर्यंत तुकडे टोपलीत गेले होते.

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. काम करतानाचा तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष दिला, सर. माझेच पाय लेचेपेचे म्हणून आईचा फोटो गेला, असं धरून रोज पहाटे चाललो, बैठका काढल्या. पन्नाशी उलटली, तरी आज जमिनीवरून हात न टेकता उठतो. दिवसभर बाजारात फिरलो तरी हात थरथरत नाही, आणि त्यामुळेच माझे फोटो बरे येतात, हे नाकारत नाही. शिकवलं ते खरंच होतं. पण तुम्ही स्वतः उभ्यानं काढत होते! मला एका शब्दानं सांगितलं असतं, तर तुमच्यासाठी मी खाली बसलो असतो, हातात कॅमेरा धरून, तुम्ही म्हणाल तितका वेळ. त्याऐवजी तुम्ही माझी आई फाडली. याचा राग कुठं नेऊन टाकू? तुम्ही असते तर घरी येऊन भांडलो असतो.

ही चिठ्ठी कुठं पाठवणार? कपाटात राहील. पण खोटं लिहून ठेवणार नाही. त्या फोटोत आईचा चेहरा खरंच नव्हता. मान खाली, नुसता भांग दिसत होता. फोटो वाईटच होता, सर. पण भांग माझ्या आईचा होता.