मोरीचा रस्सा तेजलला, मोगरा मला

३ एप्रिल

आज पुन्हा मोगरा बांधला. सासूबाई सकाळी मागीलदारी जाऊन ओंजळभर कळ्या काढून आणतात, माझ्या छातीवर पसरतात आणि वरून जुन्या साडीच्या पट्टीनं आवळतात. "दूध आटंल गो बाय. पोरगीच ऱ्हायली नाय, तर दूध ठेवून काय करतंस?" त्या वाईट मनानं बोलत नाहीत. पण मला आता मोगऱ्याचा वाससुद्धा नकोसा झालाय!

पोरगी आठवडाभर काचेच्या पेटीत होती. हृदयात जन्मतःच दोष होता, कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. कुणाच्या हातात नव्हतं — पण पोटात तर माझ्याच होती ना?

४ एप्रिल

तेजलला दूध पुरत नाही. तेजल माझी धाकटी जाऊ. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच केलं. माझी गेली त्याच आठवड्यात तिचा सम्यक आला. तो रडतो, अंगावर घेतलं की ओढतो, पुन्हा रडतो. डॉक्टरांनी अंगावर पाजायचं सोडू नको म्हणून बजावलंय आणि वरून पावडरचं दूध वाटी-चमच्यानं द्यायला सांगितलंय.

सासूबाईंना पावडर बिलकूल पसंत नाही. आप्पा, म्हणजे सासरे, सकाळीच मिरकरवाडा बंदरावर जाऊन मोरी घेऊन आले. बाळंतिणीला मोरी मासा घातला की दूध उतरतं, हे इकडे पोरासोरांनाही माहीत. जेवताना तेजलच्या ताटात वाटी भरून रस्सा. माझ्या ताटात वरण. "तुला नको हां मोरी. परत दूध उतरंल." एकाच चुलीवर एकीचं वाढवायचं आणि एकीचं आटवायचं चाललंय.

खरं लिहू? तेजलला दूध नाही हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. अगदी क्षणभर. पण वाटलं. अशी कशी गं मी?

६ एप्रिल

सम्यक आतल्या खोलीत रडला आणि इकडे मला पान्हा फुटला. पट्टी भिजली, ब्लाऊज भिजला, मोगऱ्याचा पार चिखल झाला. अंगाला काय कळतं, कुणाचं पोर रडतंय ते! साडीचा पदर घट्ट लपेटून पडवीत जाऊन बसले. आप्पांनी पाहिलं आणि उगाचच उठून दारातलं झाडलेलं खळं पुन्हा झाडायला लागले.

८ एप्रिल

आज मी चोरी केली.

मोरीचं पातेलं घासायला घेतलं होतं. तळाला रस्सा राहिला होता. इकडे-तिकडे बघितलं आणि बोटानं पुसून खाल्ला. मग फळीवरच्या डब्यातला अळिवाचा लाडू. तेजलचा! गपकन तोंडात घातला, चावलासुद्धा नीट नाही. मोगऱ्याच्या कळ्या न्हाणीत सोडून दिल्या आणि पट्टी तेवढी बांधून ठेवली.

का केलं ते मलाच धड सांगता येत नाही. दूध आटलं की ती पूर्ण गेली, असं वाटतं. तिचे कपडे आप्पांनी नेऊन कुठे टाकले, विचारलं नाही. फोटो नाही. तिच्यासाठी आलेलं हे दूध एवढंच आहे माझ्याकडे. ते कसं आटवू?

१० एप्रिल

आज पुन्हा लाडू. बाळंतिणीच्या तोंडचा घास पळवते मी. लाज वाटते. पण खाल्ला.

११ एप्रिल

वाडीतल्या बायका बाळ बघायला आल्या होत्या. आल्या की पहिली हाक — "काय गो सम्यकची आई, कशी हायस?" तेजल नुसती फुलते. मी चहा घेऊन गेले. मला काय म्हणावं तेच कुणाला कळेना. सातव्या महिन्यात सासूबाईच थट्टा करायच्या, "आता तुला श्रुती कोण म्हणतंय! आता अमक्याची आई म्हणायचं." आता परत श्रुती.

जाताना शेजारची चिमामावशी कानाशी येऊन म्हणाली, "नाव ठेवलं नव्हतं ना गो? बरं झालं. नाव ठेवलं की जीव जास्त अडकतो." मान हलवली मी.

ठेवलं होतं. मनातल्या मनात, पाचव्या महिन्यातच. नवऱ्याला, संदेशलासुद्धा सांगितलं नव्हतं. पेटीच्या काचेवर बोट ठेवून रोज हाक मारायचे.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून वाडीत निळे झेंडे, स्पीकर, पांढऱ्या साड्या. संदेश काल मुंबईहून आला. नवरा म्हणून बिचारा काय बोलणार — "जेवलीस का?" एवढंच विचारतो, दर दोन तासांनी. दुपारी सगळे विहारात गेले. तेजल पांढरी साडी नेसून दारात घुटमळत होती. "ताई, तुम्ही नाही ना येणार? मग बघाल याच्याकडे? वंदना झाली की धावत येते. वाटीत दूध करून ठेवलंय."

ती गेली आणि तो उठला. वाटी-चमचा घेतला, खरंच घेतला! त्यानं एक घोट घेतला आणि फुर्रकन बाहेर काढला. लालबुंद झाला रडून. मी उभी राहून हलवलं, फिरवलं, गाणं म्हटलं. स्पीकरपुढे माझं गाणं काय ऐकू येणार त्याला! आणि मी तर ओलीचिंब.

पट्टी सोडली.

तो लागलाच. शोधावं लागलं नाही त्याला. घुटूक-घुटूक आवाज यायला लागला आणि मी रडायला लागले. पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत. पेटीतल्या माझ्या पोरीला नळीनं पाजलं होतं. असं ओढणं मला माहीतच नव्हतं. तो पोट भरून झोपला, ओठाच्या कोपऱ्यात दूध तसंच. मी ते पुसलं, आणि वाटीतलं पावडरचं दूध न्हाणीत ओतून दिलं. ते ओतताना मात्र कळलं, की आता ही चोरी झाली. लाडवापेक्षा मोठी.

१५ एप्रिल

तेजल न्हायला गेली तेव्हा पाजलं.

१६ एप्रिल

आजही, संधी मिळेल तेव्हा. संदेश मुंबईला परत गेला. निघताना म्हणाला, "श्रुती, तोंडावर तजेला आलाय जरा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

१९ एप्रिल

आरोग्य उपकेंद्रात वजन केलं. सम्यकचं वजन छान वाढलंय! सासूबाई घरभर सांगत सुटल्या, "मोरी लागू पडली!" आप्पा परत बंदरावर पळाले. आणि तेजल... तेजल माझ्या गळ्यात पडली. "ताई, आलं माझं दूध! शांत झोपतो बघा आता. मला वाटायचं मीच कुठंतरी कमी आहे." रडली, हसली. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "हो गं."

हो गं! जीभ कशी झडली नाही माझी.

पावडरचा डबा तिनं वर फळीवर ठेवून दिला. आता नको म्हणाली.

२१ एप्रिल

तेजल उद्या देवरूखला चाललीय. वडिलांना अर्धांगवायू झालाय, त्यांना यायला जमत नाही, नातू दाखवून आणते म्हणाली. चार दिवस! प्रथमेश, तिचा नवरा, सोडायला जाणार. आज सांगायलाच हवं. सांगितलंच पाहिजे.

नाही सांगितलं.

२२ एप्रिल

पिशवी भरताना मी फळीवरचा डबा काढून तिच्या हातात दिला. "असू दे बरोबर. लागला तर." ती हसली. "आता कशाला, ताई? मोरी खाऊन खाऊन अंगाला वास यायला लागलाय माझ्या!" डबा परत फळीवर. मी दारात उभी. रिक्षा खालच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि मी तशीच उभी. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गो? भूत बघितल्यासारखं?"

सांगितलं तर माझ्याकडून तो जाईल. म्हणून नाही बोलले. दुसरं काही कारण नाही. तेजलचं सुख मोडू नये म्हणून गप्प बसले, असं तोंड वर करून म्हणण्यात अर्थ नाही. एवढ्याशा पोराला मी उपाशी पाठवलं.

२३ एप्रिल

सकाळीच फोन. मागं सम्यकचा आवाज, बसलेला, चिरका. "ताई, रात्रीपासून रडतोय. माझं दूध गेलं! कुणाची तरी नजर लागली. मीच मेली करंटी, उगाच मिरवत आले." ती स्वतःला बोल लावत होती आणि मी ऐकत होते.

मग बोलले. "तेजल, आधी मेडिकलमधून पावडर आणायला पाठव. वाटी-चमच्यानं पाज. मग ऐक. तुझं दूध गेलं नाही. तो इतके दिवस माझ्याही अंगावर पीत होता." सगळं सांगितलं. लाडूसुद्धा.

तिकडे नुसतं रडणं, ते पण सम्यकचं. मग फोन बंद.

सासूबाई चुलीपुढे होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. हातातला फुंकर मारायचा पाइप खाली ठेवला. "म्हणूनच मोगरा लागू पडंना!" एवढंच म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावला. आप्पांनी कपडे बदलले. "चल. पयली एसटी गावंल."

देवरूखात तेजल ओट्यावर बसली होती. सम्यक पावडर पिऊन झोपला होता. मी खाली मान घालून उभी. "तुम्ही मला येडी केलीत, ताई," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी सगळ्यांना सांगत फिरले, माझं दूध आलं, माझं दूध आलं! आणि पोर माझं उपाशी राहिलं काल." मी म्हटलं, "हो." माफ कर म्हणायचीसुद्धा लाज वाटली.

परतीच्या गाडीत आप्पांनी शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात ठेवली. दोघांनीही खाल्ले नाहीत.

२४ एप्रिल

मोगऱ्याच्या कळ्या तशाच झाडावर. आज सासूबाईंनी काढल्या नाहीत. मीही लाडवाच्या डब्याकडे बघितलं नाही. छाती दगड झालीय, ताप आहे. यायलाच हवा.

२६ एप्रिल

तेजल परत आली. प्रथमेश न बोलता पिशव्या आत घेऊन गेला. तिनं सम्यकला पाळण्यात ठेवलं आणि थेट माझ्यापुढे येऊन बसली.

"डॉक्टरांना विचारून आले," म्हणाली. "ह्यांना घरून आणायला सांगून तुमचे आणि माझे गरोदरपणातले रिपोर्ट दाखवले. चालेल म्हणाले. पण आधी मी पाजायचं, दर वेळी, म्हणजे माझंही वाढेल. नंतर तुम्ही. आणि लपवाछपवी नाही."

ती अजून रागावलेलीच होती, डोळे माझ्याकडे नव्हते. पदराचा दोरा ओढत बसली होती.

"मी बाळंतीण होते म्हणून मला कुणी सांगितलंच नाही काही. तुमची मुलगी मी बघितलीसुद्धा नाही, ताई. काय नाव ठेवणार होतात?"

कुणीच विचारलं नव्हतं. एकानंही नाही. मी सांगितलं. तिनं एकदा म्हणून बघितलं, हळूच, आणि उठून गेली.

२७ एप्रिल

मी मागीलदारी कपडे वाळत घालत होते. शेजारच्या खळ्यात चिमामावशी, नळावर चार बायका. घरातून तेजलचा खणखणीत आवाज, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा —

"ओ आरोहीची आई! या लवकर, माझं पाजून झालं, तरी रडतोय हा!"

कपडे तसेच टाकून धावले.