सेकंडहँड पॉइंट आणि मूळ मालकीणबाई

बिबवेवाडी, पुणे
रविवार, दुपारचा चहा व्हायचा आहे

आदरणीय सुदर्शनराव यांना सप्रेम नमस्कार (साडवाला साष्टांग घालायची पद्धत आमच्याकडे नाही, नाहीतर तोही घातला असता).

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. व्हॉट्सॲपवरच लिहिलं असतं, पण माझा फोन ही माझ्याआधी वाचते. आपली साखर काय म्हणते? सौ. ताईंचे गुडघे कसे आहेत? थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांची हिला फार काळजी. माझ्या पाठीची तेवढी नाही.

तर विषय हॉलिडे पॉइंटांचा. आपण ते थेट कंपनीकडून घेतलेत. म्हणजे नाशकातल्या हॉटेलात फुकट जेवायला गेलात आणि कंपनीच्या रिसॉर्टांवरच्या पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत घेऊन आलात. (पनीर बरं होतं, असं ताई म्हणाल्या होत्या. त्या भावात बरंच असायला हवं.) नवी गाडी शोरूमबाहेर आली की तिची किंमत उतरते, हे मी तेव्हाच सांगितलं होतं, पण आपण मॅनेजरच्या टायकडे बघत होतात. मी पडलो पुणेकर. शाळेची पुस्तकंसुद्धा अप्पा बळवंत चौकातून वापरलेली आणून शिकलो. आधीच्या मुलानं महत्त्वाच्या ओळींखाली मारलेल्या रेघा वर फुकट मिळायच्या. त्याच न्यायानं मी रीसेलमध्ये शोधलं. कंपनी तीच, पॉइंट तेवढेच, आणि किंमत तुमच्या दहाव्या हिश्शाइतकी.

विकणाऱ्या येरवड्याच्या नसीमबानू, निवृत्त मुख्याध्यापिका. यजमान गेले, मुलगा एजाज हिंजवडीत, त्याला रजा मिळते ती फक्त तापाची. एकटीनं कुठं जायचं, आणि कंपनीचं देखभालीचं बिल तर न चुकता येतं, म्हणून बाईंनी पॉइंट विकायला काढले. व्यवहार झाला, वर शिरखुर्मा झाला. मग कंपनी म्हणाली, सभासदाचं नाव बदलायचं तर ट्रान्सफर फी भरा. आकडा ऐकून मी तो तत्त्वाचा प्रश्न केला. नाव न बदलता चालेल का, असं विचारलं. चालेल म्हणाले, मूळ सभासद स्वतः हजर असेल तर त्यांचे पाहुणे म्हणून या. (इथं आपण हसाल. हसून घ्या.)

त्यामुळे महाबळेश्वरला आम्ही तिघं गेलो. काउंटरवर गुच्छ नसीमबानूंना, सरबत नसीमबानूंना, आणि माझी ओळख 'मॅडमचे गेस्ट'. बेडरूम एकच. त्यात सभासद, आणि सभासदाला एकटं वाटू नये म्हणून ही. मी बाहेरच्या सोफ्यावर. त्याचा म्हणे ओढला की पलंग होतो. माझ्याच्यानं झाला नाही. आतून सारखं हसू ऐकू यायचं. सुनेबद्दल बोलत असतील म्हणून मी सोडून दिलं, पण सून तर दोघींनाही नाही, तेव्हा माझ्याबद्दलच असणार. नाश्त्याला बाई म्हणाल्या, "रंगनाथराव, पाठ सरळ करून बसा पाहू." बसलो. इतकी वर्षं शाळा चालवलेला आवाज आहे, तत्त्व वगैरे आठवतच नाही.

परत आल्यावर मी निमूटपणे फी भरायला निघालो, तर हीच दारात आडवी. म्हणाली, "अहो, नाव बदललंत तर त्या कशाच्या निमित्तानं येतील?" मी चेकबुक परत कपाटात ठेवलं. आता एक गुरुवार बाई आमच्याकडे, पुढचा गुरुवार ही येरवड्याला. कारल्याची भाजी त्यांच्या पद्धतीनं होते, आणि (हे ताईंना सांगू नका) जास्त चांगली होते. माझ्याकडे पॉइंटांची मालकी तेवढी उरली आहे, तीही कंपनीला मान्य नाही.

तरीही सांगतो, पॉइंट घ्यावेत तर रीसेलचेच. कंपनीकडून आपल्याला नुसते पॉइंटच मिळाले.

थांबतो. ताईंना नमस्कार, आपल्याला उपदेश.

आपला साडू,
रंगनाथ

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. डिसेंबरात दापोलीचं बुकिंग झालं आहे. एक सभासद, एक पाहुणा. पाहुणा मी नाही. आपले पॉइंट दरवर्षी वाया जातात असं ऐकतो, तर त्याच आठवड्यात, त्याच रिसॉर्टवर आपल्या नावानं एक खोली घ्याल का? सभासद हजर लागतो, तेव्हा आपणही याच.

ता. क. २ ताईंना इतक्यात काही बोलू नका, नाहीतर त्या तिघी जातील. आणि आपल्या पॉइंटांचा मला हेवा वाटतो, असंही समजू नका. लग्न झाल्यापासून ही मला घरी ठेवून कधी सहलीला गेलेली नाही. परवा माळ्यावरची बॅग काढून पुसत होती आणि गुणगुणत होती. इतकी खूश पाहिल्यावर तिला अडवायची माझी छाती झाली नाही. पण आठवडाभर हिच्याशिवाय या घरात राहायची तर मुळीच होत नाही.